जीवाश्म एक, राखणदार चार

१९८१ सालची गोष्ट. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रहियोली नावाचे एक खेडे आहे. तेव्हा ते खेडा जिल्ह्यात होते, आता महिसागर जिल्ह्यात आहे. गावालगत एसीसी या सिमेंट कंपनीची चुनखडीची खाण होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी संस्थेतील दोन भूवैज्ञानिक, जी. एन. द्विवेदी आणि धनंजय मोहबे, त्या भागाचा नकाशा तयार करण्यासाठी हिंडत होते. खाणीतील मजुरांनी त्यांच्या हाती काही गोल दगड ठेवले. चुनखडीत असे गोळे सापडतात, पण ते इतके सारखे, इतके गोल का, असा प्रश्न मजुरांना पडला असावा. अभ्यासाअंती कळले की ते दगड म्हणजे डायनोसॉरची अंडी होती, सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीची.

मजुरांनी ते गोळे इतर चुनखडीबरोबर भरडायला पाठवले असते, तर त्यांचे सिमेंट झाले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. भूवैज्ञानिक त्याच आठवड्यात तेथे नसते, तरीही तेच झाले असते. आणि भूवैज्ञानिकांनी ते केवळ आपल्या टेबलावर कागदावर ठेवायचे वजन म्हणून वापरले असते, तरी परिणाम तोच.

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात शोध नेहमी एका नावासमोर लिहिलेला असतो. अमुक शास्त्रज्ञ, अमुक साल. जीवाश्मांच्या बाबतीत ही मांडणी बहुधा अपुरी असते. जमिनीतून निघालेला दगड ज्ञानात रूपांतरित होईपर्यंत तो अनेक हातांतून जातो, आणि हे हात वेगवेगळ्या घरचे असतात : उद्योग, सरकारी सर्वेक्षण, विद्यापीठ आणि संग्रहालय. हे चौघे एकमेकांशी बोलले की काय होते, आणि बोलले नाहीत की काय होते, हे काही खऱ्या उदाहरणांवरून पाहू या.

चार घरे, चार घड्याळे

प्रथम या चौघांची ओळख करून घेऊ. जमीन सर्वांत जास्त खणतो तो उद्योग. सिमेंटच्या, कोळशाच्या खाणी, तेलाच्या विहिरी, धरणांचे पाये, बोगदे. कोणत्याही विद्यापीठाला शंभर वर्षांत परवडणार नाही एवढे खोदकाम एखादी मोठी खाण एका वर्षात करते. परंतु खाणीचे घड्याळ दिवसाचे असते. आज एवढे टन दगड निघाला पाहिजे. उद्या तो थर उरणार नाही.

सरकारी सर्वेक्षणाकडे नकाशे असतात, देशभर कार्यालये असतात आणि कोणत्याही जमिनीवर जाऊन पाहण्याचा अधिकार असतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ सालची आहे. एवढ्या जुन्या नोंदी दुसऱ्या कोणाकडे नाहीत. पण सर्वेक्षणाचे घड्याळ एका क्षेत्रीय हंगामाचे असते. पावसाळा संपला की काम सुरू, उन्हाळ्याअखेर अहवाल, पुढच्या वर्षी नवा भाग. अधिकाऱ्याची बदली झाली की पेटीतले नमुने मागे राहतात.

विद्यापीठाकडे वेळ घेऊन विचार करणारी माणसे असतात. एखाद्याने आयुष्यभर फक्त सापांचे मणके अभ्यासलेले असतात, एखादीने फक्त परागकण. मात्र तेथील घड्याळ संशोधक विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे असते. चार-पाच वर्षे झाली, पदवी मिळाली, प्रकल्पाचा निधी संपला, की नमुन्यांना वाली उरत नाही.

आणि संग्रहालयाचे घड्याळ शतकाचे. आज ठेवलेला नमुना दीडशे वर्षांनी कोणी मागितला तर तो क्रमांकासह काढून देता आला पाहिजे, ही त्याची जबाबदारी. पण संग्रहालय स्वतः फारसे खणत नाही. इतरांनी आणून दिले तरच त्याची कपाटे भरतात.

म्हणजे प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवी असलेली एक गोष्ट आहे, आणि प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते. सहकार्य म्हणजे केवळ सौजन्य नव्हे. ही चार घड्याळे जुळवण्याची ती एक पद्धत आहे.

नकाशामुळे उभा राहिलेला राजासॉरस

रहियोलीला परत जाऊ. अंडी सापडल्यावर १९८२ ते १९८४ या काळात सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी तेथे उत्खनन केले. हाडे विखुरलेली होती, अनेक प्राण्यांची एकमेकांत मिसळलेली होती. श्रीवास्तव यांनी एक काम चोख केले : कोणते हाड नेमके कोठे, कशा स्थितीत पडले होते, याचा तपशीलवार नकाशा काढला. हाडे सर्वेक्षणाच्या ताब्यात राहिली.

पुढे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील अशोक सहानी व त्यांचे सहकारी, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन आणि शिकागो विद्यापीठाचे पॉल सेरेनो हे या कामात सहभागी झाले. त्यांना मांसाहारी डायनोसॉरांच्या कवटीची व मणक्यांची जगभरची उदाहरणे ठाऊक होती. पण ठाऊक असून उपयोग काय, जर समोरची हाडे एकाच प्राण्याची आहेत की पाच, हे सांगता आले नाही? तेथे श्रीवास्तव यांचा वीस वर्षांपूर्वीचा नकाशा उपयोगी पडला. जवळजवळ पडलेली, मापाने जुळणारी हाडे एकत्र मांडली गेली आणि त्यांतून एक नवा मांसाहारी डायनोसॉर उभा राहिला. डोक्यावर बुटके शिंग असलेल्या या प्राण्याचे नाव 'राजासॉरस नर्मदेन्सिस'. १३ ऑगस्ट २००३ रोजी तो जगापुढे जाहीर झाला. शोधनिबंधावर सर्वेक्षणाच्या आणि विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांची नावे शेजारी शेजारी आहेत.

हिशेब पाहा. मजुरांनी गोळे दिल्यापासून २२ वर्षे. यात वाया गेलेली वर्षे किती आणि आवश्यक किती, यावर वाद घालता येईल. पण नकाशा नसता तर शंभर वर्षे थांबूनही उपयोग झाला नसता.

कपाटातला साप

दुसरे उदाहरण त्याच परिसरातले. १९८४ साली मोहबे यांना गुजरातमध्येच ढोली डुंगरी गावाजवळ चुनखडीच्या एका लादीत डायनोसॉरची अंडी आणि त्यांना लागून काही बारीक हाडे मिळाली. अंड्याजवळ लहान हाडे, तेव्हा ती अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलाची असावीत, असे अनुमान त्यांनी प्रसिद्ध केले. उपलब्ध माहितीवरून ते रास्तच होते.

२००१ साली जेफ्री विल्सन यांनी ती लादी पाहिली. त्यांच्या लक्षात आले की यांतील काही मणके डायनोसॉरचे असूच शकत नाहीत. सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारी जादा खाच आणि खुंटी असते. त्यामुळे शरीर वळते, पण पिळले जात नाही. तशी खाच येथे दिसत होती. म्हणजे डायनोसॉरच्या घरट्यात साप!

आता पुढे काय? हाडे कठीण खडकात रुतलेली, ती मोकळी करण्यासाठी लागणारी बारीक हत्यारे आणि कुशल हात मिशिगनच्या संग्रहालयात. नमुना मात्र भारत सरकारचा. यावर २००४ साली भारताचे खाण मंत्रालय आणि मिशिगन विद्यापीठ यांच्यात रीतसर समझोता झाला. त्यानुसार नमुना अमेरिकेत गेला आणि जवळजवळ वर्षभर कण कण खडक काढून हाडे मोकळी करण्यात आली. सापांचे जाणकार जेसन हेड आणि खडकांच्या थरांचा अभ्यास करणारे शॅनन पीटर्स हेही कामात आले.

२०१० साली मोहबे, हेड, विल्सन आणि पीटर्स यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. साडेतीन मीटर लांबीचा साप एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला, शेजारी दोन न फुटलेली अंडी आणि सुमारे अर्धा मीटर लांबीचे एक पिलू. बहुधा ओल्या मातीचा लोंढा अचानक अंगावर आला आणि सारे दृश्य तसेच गाडले गेले. या सापाला 'सनाजेह इंडिकस' असे नाव मिळाले. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा फार मोठा उघडत नव्हता. त्यामुळे तो अख्खे अंडे गिळण्याऐवजी पिलू बाहेर येण्याची वाट पाहत असावा, असे संशोधकांना वाटते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. १९८४ चे अनुमान चुकले, यात मोहबे यांना कमीपणा आला नाही. त्यांनी नमुना जपला होता, क्रमांक दिला होता आणि दुसऱ्या जाणकाराला मोकळ्या मनाने दाखवला. त्यामुळे चूक दुरुस्त होऊ शकली, आणि दुरुस्तीच्या निबंधावर लेखक म्हणून त्यांचेही नाव आहे. विद्यार्थ्यांना विज्ञानाची पद्धत समजावताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

तीन कंपन्या, तीन स्त्रिया, एक निबंध

कंपन्या आपली माहिती गुप्त ठेवतात, तेव्हा उद्योगाशी सहकार्य कसे होणार, असे आपल्याला वाटेल. यासाठी शंभर वर्षे मागे अमेरिकेतील टेक्सासमध्ये जाऊ.

तेथे तेलाच्या विहिरी खोल खोल जात होत्या. खालचा खडक कोणत्या काळातला हे कळल्याशिवाय तेलाचा थर एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीपर्यंत जोडता येत नव्हता. मोठे शंखशिंपले उपयोगाचे नव्हते. वेधनयंत्राच्या दातांखाली त्यांचा भुगा होतो. पण फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय सागरी जीवांची कवचे वाळूच्या कणाएवढी असतात. त्यामुळे ती चिखलाबरोबर अखंड वर येतात. चिमूटभर चिखलात शेकडो मिळू शकतात.

एस्थर ॲप्लिन या तरुण संशोधिकेने १९२१ साली मांडले की या कवचांवरून खोलवरच्या खडकांचे वय ठरवता येईल. एका नामवंत प्राध्यापकाने भर सभेत ते अशक्य म्हणून धुडकावले. ॲप्लिन रिओ ब्राव्हो कंपनीत काम करीत. ॲल्व्हा एलिसर हंबल कंपनीत आणि हेडविग नायकर टेक्सास कंपनीत. तिघींच्या कंपन्या परस्परांच्या स्पर्धक. तरीही तिघींनी आपापल्या विहिरींतील कवचांची माहिती जुळवली आणि १९२५ साली टेक्सास-लुइझियानाच्या किनारी मैदानाखालील थरांवर एक संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. एका कंपनीच्या विहिरींवरून तो लिहिता आला नसता, कारण थर काही कंपनीच्या कुंपणापाशी थांबत नाहीत. यानंतर तेल कंपन्यांनी सूक्ष्म जीवाश्मांचे अभ्यासक मोठ्या संख्येने नेमायला सुरुवात केली.

या कामातील एक खुबी सांगण्यासारखी आहे. मी स्वतः याच विषयात काम करते, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. विहीर खणताना आपण काळात मागे मागे जातो. वर आलेल्या खडकाच्या चुऱ्यात वरच्या भिंतीवरून ढासळलेले कणही मिसळतात. म्हणून एखादी जाती 'शेवटी कोठे दिसली' यावर विश्वास ठेवता येत नाही, ती वरून पडलेली असू शकते. पण खाली जाताना ती 'प्रथम कोठे दिसली' हे खात्रीने सांगता येते. खाली जाताना प्रथम दिसणे म्हणजे काळाच्या क्रमाने तिचे शेवटचे अस्तित्व, म्हणजेच ती नष्ट झाली तो क्षण. त्यामुळे विहिरीतला अभ्यासक जातींच्या अंतावर भर देतो, आणि डोंगराच्या कड्यावर काम करणारा विद्यापीठातला अभ्यासक जातीची सुरुवात व अंत दोन्ही पाहू शकतो. दोघांनी नोंदी जुळवल्या की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

१९७४ साली 'सागर सम्राट' या वेधनमंचाने मुंबईपासून पश्चिमेला अरबी समुद्रात तेल शोधले, ते बॉम्बे हाय. तेथील मुख्य तेल मायोसीन काळातील चुनखडीत आहे. अशा सागरी चुनखडीचे वय लावण्याचे काम हेच इवलेसे जीव करतात. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचे आणि या कवचांचे नाते असे जवळचे आहे.

न बोलण्याची किंमत : दहा वर्षे

आता उलट बाजू. १९८० साली लुईस अल्वारेझ, त्यांचे पुत्र वॉल्टर, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी एक धाडसी कल्पना मांडली : सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर मोठा अशनी आदळला आणि त्यामुळे डायनोसॉरांसह असंख्य जीव नष्ट झाले. इटलीतील गुब्बिओ येथे ज्या पातळीवर फोरॅमिनिफेरांच्या बहुतेक जाती एकाएकी नाहीशा होतात, तेथील मातीच्या थरात त्यांना इरिडियम हा दुर्मिळ धातू फार मोठ्या प्रमाणात आढळला होता. प्रश्न एकच उरला. एवढा अशनी आदळला, तर त्याचे विवर कोठे आहे?

विवर सापडलेले होते! मेक्सिकोच्या पेमेक्स या सरकारी तेल कंपनीसाठी चुंबकीय सर्वेक्षण करताना ग्लेन पेनफील्ड यांना १९७८ साली युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्याखाली एक प्रचंड वर्तुळ दिसले होते. १९८१ साली त्यांनी आणि पेमेक्सचे आंतोनिओ कामार्गो यांनी तेल शोधणाऱ्या भूभौतिकज्ञांच्या परिषदेत ते आघात-विवर असावे असे मांडले. त्याच वर्षी अशनी-आघाताचे अभ्यासक युटा राज्यात स्नोबर्ड येथे आपली वेगळी परिषद भरवून विवराची चर्चा करीत होते. दोन सभागृहे, एकच प्रश्न, आणि मध्ये भिंत.

ती भिंत पाडली एका वार्ताहराने. ह्यूस्टनच्या वृत्तपत्रातील कार्लोस बायर्स यांनी पेनफील्ड यांची बातमी पूर्वीच दिली होती. १९९० साली त्यांनी ती गोष्ट विवर शोधणाऱ्या ॲलन हिल्डब्रँड या विद्यार्थ्याच्या कानावर घातली. मग पेमेक्सच्या जुन्या विहिरींतले खडकांचे नमुने शोधण्यात आले. त्यांत आघाताच्या दाबाने तडकलेले क्वार्ट्झचे कण मिळाले आणि १९९१ साली सर्वांनी मिळून निबंध प्रसिद्ध केला. ते चिक्शुलूब विवर, व्यास सुमारे १८० किलोमीटर.

उत्तर आणि प्रश्न दहा वर्षे वेगवेगळ्या घरांत राहिले. विहिरींतले ते नमुने मधल्या काळात जपले गेले नसते तर? हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. प्रबंधाचे काम करीत असताना विदर्भातील एका वेधनाचे खडकाचे दंडगोल एका कार्यालयाच्या आवारात पेट्यांमधून ठेवलेले आहेत, असे मला कळले. परवानगीचे पत्र हिंडून येईपर्यंत काही आठवडे गेले. मी पोहोचले तेव्हा आवारातला एक खड्डा नुकताच बुजवलेला होता. रिकाम्या पेट्या भिंतीशी रचलेल्या होत्या. कोणाचा काही वाईट हेतू नव्हता. जागा हवी होती, आणि त्या दगडांत काय आहे हे विचारणारे तोवर कोणी आले नव्हते. ते वेधन पुन्हा करायला लाखो रुपये लागतील आणि ते कोणी करणार नाही.

क्रमांक हरवला की दगडच उरतो

संग्रहालयाचे महत्त्व समजण्यासाठी भारतातील पहिल्या डायनोसॉरची कहाणी पाहू. १८२८ साली जबलपूर येथे विल्यम स्लीमन यांना काही मोठे अश्मीभूत मणके मिळाले. पुढे ते कोलकात्याला पोहोचले. १८७७ साली रिचर्ड लायडेकर यांनी त्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. जातीला नाव देताना जो नमुना आधार म्हणून घेतात, त्याला शास्त्रज्ञ 'टाइप नमुना' म्हणतात. सोनाराच्या तराजूतल्या प्रमाणित वजनासारखा तो असतो. पुढे कोणालाही शंका आली की त्याच्याशीच ताडून पाहायचे.

नंतर या मणक्यांचा ठावठिकाणा लागेना. जगभर टायटॅनोसॉर वर्गातील नवनवे प्राणी सापडत होते, पण मूळ माप हरवलेले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये त्यांची प्लास्टरची प्रतिकृती होती, तेवढाच आधार. अखेर २०१२ साली सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहातच शोध घेताना मूळ मणका पुन्हा मिळाला, आणि २०१३ साली मोहबे, सेन व विल्सन यांनी त्याची हकिकत 'करंट सायन्स'मध्ये दिली. मणका घरातच होता, हरवली होती ती नोंद. आणि मधल्या काळात अडलेल्यांना हात दिला तो दुसऱ्या देशातील संग्रहालयाने जपलेल्या प्रतिकृतीने.

नोंदीचे महत्त्व आणखी एका कटू प्रसंगाने पटते. १९८९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये हिमालयातील जीवाश्मांवरील अनेक वर्षांच्या निबंधमालेविषयी गंभीर शंका प्रसिद्ध केल्या. हिमालयातले म्हणून सांगितलेले काही नमुने मोरोक्कोसारख्या दूरच्या देशांतल्या जीवाश्मांशी जुळत होते. या निबंधांवर देशोदेशीच्या अनेक सहलेखकांची नावे होती. बहुतेकांनी नमुना पाहिला होता, जागा पाहिली नव्हती. ही नावापुरती भागीदारी होती. एकमेकांचे काम तपासण्याची मोकळीक नसेल तर चार घरे एकत्र येऊनही चूक चौपट पसरते.

सहकार्याचे करार कोणत्या गोष्टींवर व्हावेत, हे या अनुभवांतून स्पष्ट होते :

१. जागेची नोंद : नमुना कोणत्या गावी, कोणत्या थरात, कोणत्या दिवशी मिळाला, हे प्रथम लिहायचे, मग नमुना उचलायचा.

२. कायमचे घर : अभ्यास कोणीही करो, नमुना शेवटी कोणत्या संग्रहात, कोणत्या क्रमांकाने राहील, हे आधीच ठरवायचे.

३. गुप्ततेची मुदत : उद्योगाला काही माहिती लपवावी लागते, हे मान्य करायचे, पण किती वर्षे, तेही लिहून घ्यायचे.

४. श्रेय : खाणीतल्या माणसापासून प्राध्यापकापर्यंत ज्याचा हात लागला, त्याचा उल्लेख व्हायचा.

५. प्रतिकृती : एक प्रत दुसऱ्या घरी ठेवायची, म्हणजे आग, पूर किंवा विस्मरण यांतून काहीतरी वाचते.

चंद्रपूरचे शेण आणि डायनोसॉरचे गवत

हे सर्व दूरच्या प्रदेशांत घडते असे समजू नये. ज्या लमेटा थरात रहियोलीची अंडी मिळाली, ते थर नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतही उघडे पडलेले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गावच्या शिवारात डायनोसॉरचे अश्मीभूत शेण मिळते. दिसायला साधे, मळकट गोळे.

२००५ साली 'सायन्स'मध्ये या गोळ्यांवर एक निबंध आला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, तेव्हा स्टॉकहोमच्या निसर्गेतिहास संग्रहालयात असलेल्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेचे हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक सहानी हे त्याचे लेखक. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात. पान कुजले तरी हे कण टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. पिसदुराच्या गोळ्यांत गवताचे कण निघाले, तेही एका नव्हे तर अनेक प्रकारच्या गवतांचे. गवत डायनोसॉरांच्या नंतर पसरले, अशी तोवरची समजूत होती. ती बदलावी लागली. एका संस्थेने गोळे दिले, दुसरीकडे गवताच्या कणांची जगभरची ओळख होती. एकेकट्याने हे झाले नसते.

आणि मुंबई? वरळीच्या टेकडीत दगड काढताना छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले होते. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गोड्या पाण्याच्या गाळात ते जपले गेले. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे रिचर्ड ओवेन यांनीच १८४७ साली त्यांचे वर्णन केले. तेथेही सुरुवात दगड फोडणाऱ्यांपासून झाली.

शिक्षकांनी काय करावे?

या चौघांच्या पलीकडे एक पाचवे घर आहे, ते म्हणजे शाळा. गावातल्या विहिरीचे खोदकाम, नव्या रस्त्याची कटाई, मुरमाची खाण, हे सर्व प्रथम मुलांना दिसते. त्यांनी उचलून आणलेला दगड शिक्षकांच्या टेबलावर येतो. त्या वेळी पुढील गोष्टी कराव्यात. दगड जेथे मिळाला ती जागा मुलांबरोबर जाऊन पाहावी. आणखी काही दिसल्यास ते उकरू नये. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. गाव, जागा, तारीख, सापडणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. मग जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवावे. सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे मुख्यालय नागपूरलाच आहे. बहुतेक वेळा उत्तर येईल की हा साधा खडक आहे. त्याने मुलांनी निराश होऊ नये. रहियोलीच्या मजुरांनाही आपल्या हाती काय आहे ते ठाऊक नव्हते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एखाद्या प्राण्याच्या सांगाड्याचे चित्र कापून त्याचे वीस-पंचवीस तुकडे करा. मुलांचे चार गट करा. पहिल्या गटाला तुकडे द्या, पण ते फक्त पाच मिनिटे त्यांच्याकडे राहतील, मग काढून घेतले जातील असे सांगा. दुसऱ्या गटाला तुकडे कोठे सापडले याचा तक्ता द्या. तिसऱ्याला इतर प्राण्यांच्या सांगाड्यांची चित्रे द्या. चौथ्याला एक पेटी आणि कोरी वही द्या. प्रथम गटांना एकमेकांशी बोलू देऊ नका. प्रत्येक गटाने काय ओळखले ते फळ्यावर लिहा. मग बोलू द्या आणि पुन्हा लिहा. फळ्याच्या दोन बाजूंतला फरक मुलांना माझ्या या लेखापेक्षा जास्त शिकवून जाईल. खेळ संपल्यावर चौथ्या गटाची वही उघडायला विसरू नका. कोणत्या तुकड्याची नोंद राहून गेली, ते त्यांनाच शोधू द्या.

रहियोलीच्या परिसरात २०१९ साली डायनोसॉर संग्रहालय सुरू झाले. सहलीला गुजरातकडे जाणे झाले तर ते अवश्य पाहावे. तेथे मुले साहजिकच मोठ्या प्राण्यांच्या प्रतिकृतींपाशी गर्दी करतील. त्यांना थोडा वेळ अंड्यांपाशीही थांबवावे, आणि १९८१ साली एका खाणीत दगड भरणाऱ्या हातांनी ती बाजूला काढून ठेवली होती, हे सांगावे.